सत्तावीसवर थांबलेला आकडा

आखाजीला राखी माहेरी आली, याचंच कुंदनला केवढं अप्रूप होतं. माहेर म्हणजे तरी काय, इंदिरानगरातला धाकट्या भावाचा, म्हणजे कुंदनचाच, फ्लॅट. पण सिन्नरजवळ गावात कोंबड्यांची, पंख्यांवर चालणारी बंद शेड टाकल्यापासून तिने एक दुपारसुद्धा गाव सोडलं नव्हतं. बंद शेडचं दुखणंच तसं. उन्हाळ्यात पंखे थांबले, की बघता बघता पाखरं गुदमरून मरतात.

म्हणून तर कुंदनने, घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवाल्याने, तिला यंत्रणा बसवून दिली होती. शेडमधलं तापमान त्याच्या सर्व्हरवर यायचं आणि दोघांच्या मोबाईलवर दिसायचं. सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला शेडला विचारायचा, आहेस ना? उत्तर आलं नाही की राखीच्या घरावरचा भोंगा वाजायचा. मग ती नाहीतर गडी सोमा शेडकडे धावायचा. "ताई, आता तू निर्धास्त राहा," असं कुंदनने छातीठोकपणे सांगितलं होतं.

मग हनुमान जयंतीचा सप्ताह आला. गावात पाहुणेरावळे वाढले, रेंज लंगडायला लागली आणि भर कीर्तनात भोंगा उगाचच बोंबलला. एकदा नव्हे, तीनदा. बुवांनी अभंग थांबवला. अख्ख्या मंडपाने माना वळवून राखीकडे बघितलं. तिने बाहेर येऊन रडवेल्या आवाजात फोन केला, "कुंदन, लाज गेली रे माझी. कायतरी कर त्याचं." कुंदनने तिथल्या तिथे अर्ध्या मिनिटाचे दोन तास करून टाकले. सप्ताह उठला की परत बदलू म्हणाला आणि साफ विसरला.

आज आमरसाची वाटी पुढे ओढत राखी मोबाईल बघून म्हणाली, "ऊन लय तापलंय, पण आकडा बघ कसा जागचा हलत नाय. मघापासून सत्तावीस म्हंजे सत्तावीस."

कुंदनने हातातला घास ताटात ठेवला. पंखे चालू असले की आकडा थोडा तरी वरखाली होतोच. त्याने खरकट्या हाताने लॅपटॉप उघडला. लाइन चालू आहे, असं सर्व्हर इमानदारीत सांगत होता आणि शेवटचा आलेला आकडा तसाच दाखवत होता. त्याचं तरी काय चुकलं? पलीकडच्याने फोन ठेवला तर कळतं. पलीकडचा बोलता बोलता कोसळला, तर आपण फोन कानाला लावून बसून राहतो. कुंदनने दोन तास खोडून पुन्हा अर्धं मिनिट केलं आणि नव्याने जोडणी मागितली. उत्तर आलं नाही. सत्तावीस पुसलं गेलं आणि तिथे लाल अक्षरं उमटली. संपर्क नाही.

"म्हंजे?" राखीने विचारलं.

"म्हणजे शेडवर काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही, ताई. कधीपासून, तेही माहीत नाही."

सोमाचा फोन लागेना. शेजारच्या मळ्यातल्या शेतकऱ्याचाही लागेना. गावातली रेंजच गेली असणार, म्हणजे आता भोंगाही वाजणार नव्हता. ताटं तशीच टाकून दोघं गाडीत बसली.

पुणे रोडला लागल्यावर कुंदनने दोन तासांची गोष्ट सांगून टाकली. राखीने फक्त पुन्हा सोमाचा नंबर लावला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मोहदरी घाटात पुढे ट्रक रांगत होता. कुंदन हॉर्न दाबूनच बसला.

"लाईट गेली असंल तरी जनरेटर आपसूक झाला असंल ना रे चालू?"

"झाला असेल."

थोड्या वेळाने तिने तेच विचारलं, त्याने तेच उत्तर दिलं. त्याला काहीच माहीत नव्हतं आणि तिला ते कळत होतं.

शेडपाशी गाडी थांबली. पंख्यांची घरघर नव्हती. गाडी बघून समोरच्या वस्तीवरून सोमा धापा टाकत येत होता. "अक्का, लाईट गेली दिसती! भोंगा नाय वाजला, म्हून मी जेवाय बसलो व्हतो. जनरेटर बी उचलला नाय वाटतं!"

राखी दारापर्यंत गेली आणि कडीला हात लावून थांबली. "कुंदन, तू जा. डोळ्यांनी बघ अन् मला तोंडानं सांग."

कुंदन आत गेला. दारातून वाफ अंगावर आली. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरंशुभ्र पडलं होतं, पाण्याच्या भांड्यांभोवती एकावर एक. कुठेतरी एखादी चोच उघडमीट करत होती.

तो बाहेर आला. सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. राखीने अर्धं मिनिटसुद्धा वाट बघितली नाही. पदर खोचला, त्याला बाजूला सारलं आणि म्हणाली, "सोमा, बाजूच्या ताडपत्र्या फाड, वारं येऊ दे. जित्या असतील तेवढ्या आधी भाईर काढू."