मोर्णा बीटचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर आहे. मी बाजारात आलो तेव्हा तुमचे आजी-आजोबा तुमच्याएवढे असतील. मला उचलणाऱ्याची कंबर धरते, इतका मी जड. माझ्या डोक्यावर दोन चकत्या फिरतात, त्यांच्यामधून तपकिरी फीत सरकते आणि गाणं त्या फितीवर राहतं. मी म्हातारा आहे, थोडा तिरसटही आहे. पण आज मला तुमच्यापाशी एक कबुली द्यायची आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरात १९६६ साली चौघांनी ‘मोर्णा बीट’ नावाचा बँड काढला. देवानंद गिटार वाजवायचा, धर्मपाल ड्रम, शेषराव अ‍ॅकॉर्डियन, आणि शकुन गायची. शकुनच्या घरची मोर्णा नदीच्या काठी भाजीची वाडी होती. सकाळी वांगी तोडून ती दुपारी तालमीला यायची. काय मोकळा आवाज होता तिचा! लोकांना सिनेमातली गाणी हवी असायची आणि ही मंडळी आपली स्वतःची वऱ्हाडी गाणी गिटारवर म्हणायची. त्यामुळे टाळ्या बेताच्याच पडायच्या. हौस मात्र दांडगी होती.

बँडचा एक रिवाज होता. कोणी सोडून निघालं, की जाण्याआधी त्याने एक गाणं माझ्यात भरायचं. फीत महाग, म्हणून सगळ्यांना मिळून एकच. पहिली गेली शकुन. १९६८ साली तिला वलगावचं सासर मिळालं. लग्नाच्या आठ दिवस आधी तिने वांग्याच्या वाडीवरचं आपलं गाणं म्हटलं. मग धर्मपालला रेल्वेत नोकरी लागली. शकुनच्या जागी आलेली आशाबाई वर्षभरात कंटाळली. तिच्यानंतर धर्मपालच्या जागी ड्रमवर आलेला ओमप्रकाश बायकांची गाणीही बारीक आवाज काढून म्हणू लागला, तेव्हा लोक हसून हसून बेजार झाले. शेवटी ओमप्रकाश गेला, शेषरावही गेला. प्रत्येकाचं एक गाणं मागे राहिलं आणि एकटा देवानंद उरला. एकट्याचा कुठे बँड असतो? त्याने मला चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. पन्नास वर्षं मी धूळ खाल्ली. कोणी विचारपूस केली नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. तरी पोटातली गाणी मी जपली.

गेल्या उन्हाळ्यात देवानंदला शकुनच्या नातीचा, हर्षाचा, फोन आला. शकुनच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज गेला होता, नुसती कुजबुज उरली होती. सासरी तिला कोणी गाऊ दिलं नव्हतं, त्यामुळे घरात एकानेही तिचं गाणं ऐकलेलं नव्हतं. आपला आवाज एकदा ऐकावा, एवढीच तिची इच्छा होती. आणि तो आवाज साऱ्या जगात फक्त माझ्याकडे होता.

देवानंदने पिंटू मेकॅनिककडून माझे पट्टे बदलून घेतले. पिंटूने दुसऱ्या फितीवर माइक तपासला आणि तो तसाच लावून ठेवला. मी भरतोय हे दाखवणाऱ्या माझ्या लाल दिव्याचा बल्ब मात्र त्याला कुठे मिळाला नाही.

रविवारी शकुन आली. माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली. हर्षाने मोबाइल पुढे धरला. मित्रांनो, माझं काळं बटण एकटं दाबलं की मी गाणं ऐकवतो. काळ्यासोबत लाल दाबलं, की मी जुनं पुसून नवं भरतो. बँडच्या दिवसांत देवानंदने मला नेहमी भरण्यासाठीच वापरलं होतं. त्याच्या बोटांनी जुन्या सवयीने दोन्ही बटणं एकदम दाबली.

चकत्या फिरू लागल्या. भरताना मी मुका असतो. सगळे माझ्याकडे कान लावून बसले.

“जुनी मशीन हाय, गरम व्हाले टाइम लागते,” देवानंद म्हणाला. “बस शकुन, आता येते.”

“मले घाई नाई, भाऊ,” शकुन कुजबुजली. “पन येईन ना?”

मी काय करू? थांबा म्हणावं तर मला तोंड नाही. ती डोळे मिटून वाट पाहत होती आणि तिचं गाणं मीच, माझ्याच पोटात, ओळीमागून ओळ पुसत होतो. पट्टा तुटावा, वीज जावी, असं मला वाटत होतं. काहीच झालं नाही. पिंटूने काम चोख केलं होतं.

तीन मिनिटं होत आली तेव्हा हर्षाने वाकून पाहिलं. “आजोबा, हे लाल बटन काहून दबलेलं हाय?”

देवानंदचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मला थांबवलं, फीत मागे नेली आणि फक्त काळं बटण दाबलं. गाण्याच्या जागी खरखर आली. मग, “बस शकुन, आता येते.” मग शकुनची आजची कुजबुज. देवानंद तोंड झाकून रडू लागला. मला बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

आणि मग पुसायचा राहिलेला शेवटचा तुकडा आला. गाणं संपलं होतं. एकोणीस वर्षांची शकुन हसत विचारत होती, “भाऊ, आला का माहा आवाज?”

“आला, आला! मस्त आला!” तरुण देवानंद ओरडला.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा आवाज असाच एकाच जागी ठेवलेला असेल, तर आजच त्याची दुसरी प्रत काढा. आमच्या भरवशावर राहू नका. बटण दाबलं की आम्हाला नाही म्हणता येत नाही.

शकुनने डोळे उघडले आणि हर्षाला खुणेने सांगितलं, पुन्हा लाव.