पडलेल्या गोदामाची बर्बन

रॉइस हॉकेन्स्मिथचं नाक अमेरिकेतल्या अख्ख्या केंटकी राज्यात प्रसिद्ध होतं, असं निदान रॉइस हॉकेन्स्मिथचं म्हणणं होतं. क्रोफूट ओढ्याकाठच्या बर्बन व्हिस्कीच्या भट्टीचा तो मुख्य कारागीर. मक्यात थोडं राय नावाचं धान्य आणि मोड आणलेली बार्ली घालून शिजवायची, कालच्या घाण्यातलं आंबट पाणी विरजणासारखं आजच्या घाण्यात सोडायचं, फसफसलं की उकळून वाफ धरायची, आणि ती पाण्यासारखी नितळ दारू आतून जाळलेल्या कोऱ्या ओक लाकडाच्या पिंपांत भरून काही वर्षं विसरून जायचं. हे सगळं इतर माणसं करत. रॉइस वास घेई. भट्टी पाहायला आलेल्यांना तो सांगे, "कुठलं पिंप गोदामाच्या कुठल्या मजल्यावर ठेवायचं, हे मला पिंपच सांगतं." ऐकणारे भारावून बाटल्या घेत.

मालकीण लोरेना पीक आधी लुईव्हिल शहरात घरं विकायची, तिथून ती बर्बनकडे वळली होती. त्यामुळे कशाचंही वर्णन करताना तिला अडचण येत नसे. पिंपांच्या जुन्या लाकडी गोदामाची भिंत ओढ्याकडे झुकली होती. सुतार एल्बर्टने ती दोघांना नेऊन दाखवली.

"अर्धी पिंपं उतरवा बाई, मी टेकू देतो."

"लोक इथेच उभे राहून फोटो काढतात, एल्बर्ट. टेकू कसा दिसेल फोटोत?"

रॉइसनेही मान डोलावली. "शिवाय पिंपं हलवली की व्हिस्की बिथरते. झोपलेल्या बाळाला कुणी उठवतं का?"

"बाळ माडीवरून पडलं तर उठेलच की," एल्बर्ट म्हणाला आणि जेवायला गेला.

गोदाम पडलं ते रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना. एवढी एक गोष्ट गोदामाने विचार करून केली. भिंत गेली, छप्पर गेलं, अर्धी पिंपं फुटून ओढ्याला मिळाली. मासे पोट वर करून तरंगायला लागले. "गेले बिचारे," एल्बर्ट म्हणाला, "पण मजेत गेले." सरकारी माणसं आली, त्यांनी कुंपण घातलं आणि उरलेल्या सांगाड्याला हात लावायला बंदी केली. त्यातली पिंपं उन्हाळाभर उघड्यावर राहिली. दुपारी तापायची, वादळात भिजायची, पहाटे गारठायची.

"माझी व्हिस्की मेली," असं रॉइसने वर्तमानपत्राला सांगून टाकलं. नाटकाचा भाग वगळला, तरी थोडं दुःख उरत होतंच. रोज संध्याकाळी तो कुंपणापाशी जाऊन उभा राही. वाऱ्यावर व्हॅनिलाचा, जळक्या साखरेचा वास येई आणि टेकूला आपण नाही म्हटलं होतं, हेही आठवे. मग तो घरी जाऊन बायकोवर खेकसे.

पानं गळायला लागली तेव्हा परवानगी आली. रॉइसने पहिल्या पिंपातल्या व्हिस्कीची चव घेतली. परत घेतली. शेजारच्या फळीवर बसला.

"खराब?" लोरेनाने विचारलं.

"नाही."

"मग चेहरा असा का?"

"आजवर केलेल्यांतली सगळ्यात चांगली आहे," रॉइस कसाबसा म्हणाला. "आणि मी काहीच केलेलं नाही."

खूप तापल्याने दारू लाकडात खोल मुरली होती, गारठ्याने बाहेर आली होती, एवढं त्याला कळत होतं. न कळण्यासारखं एवढंच होतं, की त्याच्या नाकाला कुणी विचारलं नव्हतं.

लोरेनाने बाटलीवर पडक्या भिंतीचं चित्र छापलं. विक्रीच्या दिवशी दारापासून रस्त्यापर्यंत रांग. "पिंपं उघड्यावर ठेवायचा धाडसी निर्णय आमच्या रॉइसचा," तिने जाहीर केलं आणि माइक त्याच्या हातात दिला.

रॉइसच्या मनात कधी नव्हे ते खरं बोलायचं आलं. "मी काही ठरवलं नव्हतं," तो म्हणाला. "भिंत दुरुस्त करा म्हणून एल्बर्ट सांगत होता. आम्ही दोघांनी ऐकलं नाही. ती पडली."

मग लोक हसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"किती साधा माणूस आहे," पुढे उभी असलेली एक बाई नवऱ्याला म्हणाली, आणि तिने सहीसाठी दोन बाटल्या पुढे केल्या.

रॉइसने एल्बर्टकडे पाहिलं. एल्बर्टने खांदे उडवले. पहिल्या बाटलीवर रॉइसने नुसतं नाव लिहिलं. पुढच्या बाटल्यांवर मात्र तो नावाखाली एक झोकदार रेघही ओढायला लागला.