दृष्टीची पुडी

बक्कल खटकन लागलं आणि हात काढल्याबरोबर सुटलं. नारिंगी लाइफ जाकिटाच्या पट्ट्याचं काळं प्लास्टिकचं बक्कल. त्याच्या दोन दातांपैकी एक तुटलेला, आणि उरलेला दात इमानानं काम करायला तयार, पण एकटा कुठवर धरणार... रहेमतुल्लानं ते पुन्हा दाबलं. खटक. सुटलं. खरं सांगायचं तर ते लागू नये असंच त्याला वाटत होतं. दोन्ही हात बक्कलात गुंतले आहेत तोवर समोर धरलेलं पॅड आणि पेन कोणी त्याच्या हातात देऊ शकत नव्हतं.

"काका, फक्त दोन सह्या," धवल म्हणाला. "एक बोटीची, एक आपली."

धवल हा बियाणं कंपनीचा साहेब. बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्या बावीस कृषी केंद्रवाल्यांनी यंदा कपाशीच्या बियाण्याचं टारगेट पूर्ण केलं होतं, त्यांना तो कच्छ दाखवायला घेऊन आला होता. छापील कार्यक्रमपत्रिका होती: सकाळी मांडवीला समुद्रजीव दर्शन, दुपारी भोजन, संध्याकाळी वाळवंट-साहस. सगळं एकाच दिवसात. रहेमतुल्लाच्या गावी, धाडच्या आठवडी बाजारातसुद्धा माणूस एका दिवसात एवढं उरकत नाही.

बोटीच्या कागदावर लिहिलं होतं की बुडाल्यास जबाबदारी बुडणाऱ्याची. 'आपल्या' कागदावर लिहिलं होतं, 'रेफ्युजी बियाण्याच्या वापराबाबत शेतकऱ्यांना काउंटरवर वेळोवेळी सूचना दिल्या होत्या.' म्हणजे तेच. फक्त पाणी नव्हतं.

"काऊन बे रहेमतभाई, बक्कल लागून नाही राह्यलं काय?" सोनाळ्याचे माणिकराव शेजारून म्हणाले. "म्या तर डोये मिटून ठोकल्या दोन्ही सह्या. आपल्याले पोहता बी येत नाही अन् वाचता बी."

रहेमतुल्लानं बोटीच्या कागदावर सही केली. बुडायला त्याची हरकत नव्हती. दुसऱ्या कागदाला मात्र तो म्हणाला, "हे बारीक छापेल आहे साहेब. चष्मा बॅगेत राह्यला."

"संध्याकाळपर्यंत द्या, काका. चारला तुमच्याच गावात बोंडअळीच्या नुकसानीची पाहणी आहे ना. मला आजच पाठवायचंय." धवलनं कागदाची घडी केली आणि आपुलकीनं रहेमतुल्लाच्या शर्टाच्या खिशात सरकवली. तिथे चष्मा होता. घडी चष्म्याला लागून बसली. धवलला ते कळलं असावं. तो शिकलेला मुलगा होता, हसून पुढच्या माणसाकडे वळला.

बोट निघाली. गाइड आसिम पुढे उभा राहून माइकवर सांगत होता की नशीब असेल तर डॉल्फिन दिसतील, आणि बावीस माणसं नशीब आजमावत पाण्याकडे पाहत होती. पाणी हलत होतं. चमकत होतं. 'तो बघा!' कोणीतरी ओरडलं, आणि बाकीचे 'हो हो, दिसला' म्हणाले, 'केवढा होता!' म्हणाले, आणि माणिकरावांनी तर शेपटीचं माप हातानं दाखवलं. रहेमतुल्लाला काहीच दिसलं नव्हतं. पण धवलनं विचारलं, "काका, दिसला ना?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "दिसला." किती सोपं होतं ते. जीभ जराही अडखळली नाही... मग खिशातल्या कागदालाच का अडखळते? तिथे तर खोटंही बोलायचं नाही. सूचना दिल्या होत्या. दिल्याच होत्या की मी. साऱ्या काउंटरनं ऐकल्या.

जून महिना. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येकाला पाकीट हवंय, आणि गावातला शेतकरी कडूबा मात्र आपलं पाकीट काउंटरवरच उघडून, आतली छोटी पुडी दोन बोटांत धरून उभा. कडूबाचं सगळं असंच. फवाऱ्याचं औषध घेतलं तर 'पंपाले किती झाकणं' हे तीनदा विचारणार, घरी जाऊन मोजणार, आणि शंका आली तर सायकलीवर परत येणार. "रहेमतभाई, हे लहान पाकीट कायचं हाये?"

"रेफुजी."

"म्हंजे?"

आता म्हणजे काय सांगायचं! कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये पडद्यावर दाखवलं होतं, की ही साधी सरकी शेताच्या कडेनं चौफेर लावायची, अळीला तिच्या हक्काचं खायला ठेवायचं, म्हणजे ती मुख्य पिकाला निर्ढावत नाही. ट्रेनिंगनंतर जेवण चांगलं होतं. पण चार ओळी जमीन अळीच्या नावानं सोड, असं धाडच्या माणसाला सांगायचं म्हणजे... मागून लोक ढकलत होते. गेली किती वर्षं ती पुडी कोणी फेकायचं, कोणी कोंबड्यांना टाकायचं, आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

"दृष्ट काढ तिच्यानं पऱ्हाटीची," रहेमतुल्ला म्हणाला होता. "निंबाले बांधून दे. फोडू नको मात्र."

सगळं दुकान हसलं. कडूबाही हसला — सगळे हसतात तेव्हा हसायचं असतं म्हणून — आणि पुडी टोपीत ठेवून गेला.

'फोडू नको मात्र'... हे कशाला जोडलं होतं मी? विनोदाला शेपूट लागतं म्हणून. नुसतं 'दृष्ट काढ' म्हटलं असतं तर तो घरी जाऊन विसरला असता. पण झाकण मोजणाऱ्या माणसाला त्या शेपटानंच खात्री पटली. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या कडुनिंबाला, काळ्या कपड्यात, बिब्बा आणि मिरच्यांच्या सोबत पुडी टांगली गेली. ऑगस्टात रहेमतुल्ला फटफटीवरून तिकडून गेला तेव्हा ती त्यानं पाहिली होती. थांबला होता. हसूही आलं होतं थोडं. म्हटलं, सांगू कधीतरी.

बोटीतून उतरल्यावर बसनं त्यांना खाडीच्या दलदलीपाशी नेलं. लांबवर पाण्यात एक गुलाबी रेघ होती. दुर्बिणीतून पाहिलं की तिला पाय फुटत. "सुरखाब. फ्लेमिंगो," आसिम म्हणाला, आणि रहेमतुल्लाला आई आठवली. तो नवा शर्ट मागायचा तेव्हा ती म्हणायची, तेरे को क्या सुरखाब के पर लगे? हा तो सुरखाब. आई गेल्यावर दिसला.

"ये जनम से गुलाबी नहीं होते," आसिम सांगत होता. "बच्चा सफेद-मटमैला होता है. जो खाते हैं, उसका रंग चढ़ता है."

"मंग आपल्या पाठीवर लाल त्रिकोण उमटन, फवाऱ्याच्या औषधाच्या बाटलीवानी!" माणिकराव म्हणाले, आणि बावीसच्या बावीस हसले.

रहेमतुल्ला हसता हसता थांबला. ती बोंडअळीही जन्मतः पांढरीच असते. बोंडात शिरते, सरकी खात जाते, आणि मग शेंदरी होते. यंदा तिनं आख्खा जिल्हा खाल्ला होता, ते बियाणं तिला पुरून उरेल म्हणून विकलेलं असताना. फुलं उमलेनात, पाकळ्या आतून शिवल्यासारख्या मिटलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या. डोमकळी. दिसायला इतकी सुरेख, की आधी बायकांनी कौतुक केलं. मग बोंड फोडून पाहिलं तर आत किडक्या कापसाची कवडी, पिवळी, चिकटलेली. कडूबानं भरपाईसाठी तालुक्याला अर्ज केला. पावती जोडली, रिकामं पाकीट जोडलं. त्याच्याकडे सगळं होतं. म्हणून तर गावातली पाहणी पहिल्यांदा त्याच्याच शेतात.

फोन थरथरला.

"रहेमतभाई, म्या कडूबा."

"हाव, बोल."

"साहेब लोक चार वाजता येऊन राह्यले. सबन तयारी हाये. पुडी बी जशी तुम्ही सांगतली तशीच निंबाले बांधेल हाये. फोडली नाही. पुरावा हाये ना तो."

रेघेतून एक सुरखाब उडाला. पंखांच्या आतला रंग भलताच लाल होता.

"तुम्ही फकस्त साहेबाले फोनवर सांगून द्या, का म्याच सांगतलं होतं म्हणून. माह्या बोलण्याले लोक हसतात. तुमची दुकानाची पाटी हाये."

"कडूबा, आवाज कटून राह्यला... रेंज नाही इथं."

"मले तर चांगला येऊन राह्यला तुमचा आवाज."

"हॅलो," रहेमतुल्ला म्हणाला. "हॅलो... हॅलो..." आणि फोन बंद केला. पडद्यावर रेंजच्या पाचही दांड्या ताठ उभ्या होत्या. धवल दुर्बिणीतून पक्षी पाहत होता. नेमका रहेमतुल्लाच्या दिशेनं.

जेवणात सात पदार्थ होते. त्यानं ताक प्यायलं.

बस उत्तरेकडे निघाली. माणिकराव तोंड उघडं टाकून झोपले. बाहेर बाभळी खुज्या होत गेल्या, मग नुसती झुडपं, मग तीही विरळ. कडूबाला अहोजाहो करायला कोणी शिकवलं? शाळेत तर 'काय बे रहेमत्या' होतं. दुकानाची पाटी लागली त्या दिवसापासून 'तुम्ही'. पाटी रंगवली, आणि एक माणूस दूर गेला... आणि शाळेत तरी काय होतं? चौथीत गुरुजींनी कडूबाला शाळेमागच्या चिंचेखाली उभं केलं होतं: मी येईतो हलायचं नाही. आणि गुरुजी विसरून घरी गेले. शाळा सुटली. संध्याकाळी रहेमतुल्ला बकरी शोधत तिकडून गेला, तर कडूबा उभा. हात बाजूला, मान खाली, अगदी जसं सांगितलं तसं. 'गुरुजी आले काय बे?' त्यानं विचारलं होतं. आणि मी... मी म्हटलं, येऊन राह्यले. गंमत म्हणून. घरी गेलो, भाकरी खाल्ली. त्याला त्याच्या बापानं अंधार पडताना शोधून नेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला काहीच विचारलं नाही. 'तू खोटं काऊन बोलला' एवढंही नाही. बहुधा त्याला वाटलं असेल की गुरुजी खरंच येत होते, वाटेत अडकले असतील.

तीन वाजून चाळीस मिनिटं. फोनवर तीन दांड्या. खरं सांगितलं तर — म्हणजे बुलढाण्याच्या साहेबाला सांगितलं, की हो, मीच म्हटलं, दृष्ट काढ — तर कंपनीची एजन्सी जाईल, कदाचित परवानाही. आणि कागदावर सही केली तर काहीच जाणार नाही. फक्त साहेब विचारतील, 'सूचना दिली असताना तुम्ही बियाणं झाडाला टांगलं?' आणि सगळे हसतील. सगळे हसतात तेव्हा हसायचं असतं, म्हणून कडूबाही हसेल. आणि त्याचा अर्ज घडी होऊन कुठल्याशा खिशात जाईल.

चौकीवर ओळखपत्रं तपासली गेली. पुढे गेल्यावर दांड्या एकेक करत आडव्या झाल्या. दोन. एक. मग नुसतं फुलीसारखं काहीतरी. चार वाजले होते. रहेमतुल्लानं श्वास सोडला. आता त्याच्या हातात काही नव्हतं, आणि ते किती बरं वाटत होतं...

आणि मग ते पांढरं रण आलं. आसिम काही तरी सांगत होता, समुद्र, मीठ, पाऊस, पण रहेमतुल्लाच्या कानात शिरेना. डोळे पोचतील तिथवर पांढरं. मध्ये धुरा नाही, निंब नाही. इतकं फुटलेलं शेत त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि वेचायला एक बाई नाही. तो वाकला. नकळत तीन बोटं जुळली, लहानपणी आईसोबत वेचायला जायचा तशी, आणि त्यानं चिमटीनं उपसलं. मिठाची खपली निघाली. खाली काळा, ओला चिखल.

वाळवंट-साहस सुरू झालं. चार चाकांच्या फटफट्यांवरून कृषी केंद्रवाले किंचाळत गोल फिरू लागले. माणिकराव ओरडत होते, "ब्रेक कुठं हाये बे याले?"

"काका, चष्मा सापडला का?" धवल शेजारी येऊन उभा राहिला. हातात पेन. "साडेपाच झाले. तिकडची पाहणी संपलीही असेल. आता नुसती फॉर्मॅलिटी."

संपली असेल. रहेमतुल्लानं आसिमकडे पाहिलं. "इधर रेंज कहीं नहीं मिलती?"

"वो टावर पे चढ़ो चाचा, तो कभी एकाध डंडी पकड़ता है."

लोखंडी मनोरा होता, सूर्यास्त पाहायला येणाऱ्यांसाठी. तो चढू लागला. मागून धवलचा आवाज आला, "काका, पेन घ्या ना!" आणि त्यानं ते घेतलंही, सवयीनं. वर वारा होता आणि गर्दी, सगळे सूर्याकडे फोन धरून उभे. त्यानं आपला पाठमोरा धरला. काही नाही. हात उंच केला. एक दांडी. गेली. पुन्हा आली, आणि तिच्यासोबत एक निरोप आला. कडूबाच्या सुनेचा, श्रद्धाचा. फोटो होता, अर्धाच उतरला: निंबाची खालची फांदी, काळं कापड, आणि त्याच्याखाली पांढरी टोपी. मजकूर पूर्ण होता.

'काका साहेब अजून आले नाहीत. उशीर होईल म्हणे. आबा चार वाजल्यापासून निंबाखाली उभेच आहेत. बसा म्हटलं तर म्हणतात रहेमतभाईचा फोन येईल.'

चष्मा डोळ्यांवर केव्हा चढला होता कोण जाणे. वाचताना तो तिथे होता. खिशात फक्त घडी उरली होती, आणि हातात पेन. दिवसभर त्यानं घोकलेलं सगळं छापील होतं: सूचना, वेळोवेळी, काउंटरवर. आता त्यातला एकही शब्द सापडेना. तोंडात आलं ते भलतंच, चव्वेचाळीस वर्षं जुनं, बकरीचा दोर हातात असतानाचं. कडू, गुरुजी गेले बे. कोणी येऊन नाही राह्यलं. आणि पुडी... पुडीचं म्याच...

"चाचा, जरा हटो, सूरज जा रहा है," मागून कोणीतरी म्हणालं.

तो हटला नाही. दांडी उभी होती, आडवी होत होती, पुन्हा उभी राहत होती, तुटक्या बक्कलाच्या एकुलत्या दातासारखी. आणि कडूबाला फोन लागेपर्यंत ती सुटू नये म्हणून रहेमतुल्लानं हात आणखी वर केला, जितका जाईल तितका, आणि श्वासही जपून घेऊ लागला.