प्रश्न उद्भवत नाही

'प्रश्न उद्भवत नाही' हे तीन शब्द ज्याने शोधून काढले, त्याला सरकारने जन्मभर पेन्शन द्यायला हवी. इतकं काम या तीन शब्दांनी वाचवलंय. आमदाराने लेखी विचारायचं, अमुक ठिकाणचं छप्पर गळतं, हे खरं आहे काय? खरं असल्यास सरकारने काय केलं? केलं नसल्यास का नाही? सरकारने पहिल्याला 'हे खरे नाही' म्हणून टाकायचं. मग पुढचे दोन्ही आपोआप आडवे. ते उद्भवतच नाहीत, तर उत्तर कशाला द्यायचं?

ताईंना हा खेळ तोंडपाठ होता. सभागृहाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सव्वीस वर्षं त्या आमदारांचे प्रश्न लिहून, टाइप करून देत होत्या. आमदार बदलले, पक्ष बदलले, ताईंची खुर्ची तेवढी बदलली नाही. त्यांनी लिहिलेल्या प्रश्नातून मंत्री निसटत नाही, अशी ख्याती होती. आणि ती त्यांना थोडी चढलीही होती, खोटं कशाला बोला.

आणि नेमकी त्यांच्याच हातून माती झाली.

त्याचं असं झालं. लांबच्या डोंगराळ भागातून एक नवा आमदार निवडून आला. आधी एकोणीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होता, म्हणून सगळे त्याला कंडक्टरच म्हणत, अगदी तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे. एक दिवस तो आपल्या गावातल्या एका बाईला घेऊन ताईंच्या टेबलापाशी आला. बाईचं इस्त्रीचं दुकान. बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा.

तिचा पंधरा वर्षांचा मुलगा मोठ्या पोरांच्या नादी लागून मोटारसायकल चोरीत सापडला होता. खटला चालू होता. गावातलं सुधारगृह तिच्या दुकानापासून चालत पंधरा मिनिटांवर, पण छप्पर गळतं म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याला कुलूप घातलेलं. त्या भागातली सगळी मुलं राजधानीजवळच्या मोठ्या सुधारगृहात. बाईला जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, भेट वीस मिनिटांची. दोन महिन्यांतून एकदा जमायचं.

"एका गादीवर दोघं झोपतात," ती म्हणाली. "अंगभर खरूज झालीय त्याला. तेही चालेल हो ताई, औषध लावता येतं. पण तो बोलायचाच बंद होत चाललाय. पहिली दहा मिनिटं नुसता बघत बसतो. बोलायला लागतो तोवर वेळ संपते. अजून वर्षभर हे असंच चाललं, तर मला माझा मुलगा परत मिळायचा नाही."

ताईंनी तिथल्या तिथे कागद पुढे ओढला. त्यांनी तिरमिरीतच प्रश्न टाइप केला. 'सदर सुधारगृह दोन वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय?' एरवी एक प्रश्न त्या तीनदा वाचायच्या. हा एकदाच वाचला.

महिन्याने उत्तर आलं. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न उद्भवत नाही.

का? तर कागदोपत्री ते सुधारगृह 'बंद' नव्हतंच. ते 'तात्पुरते स्थलांतरित' होतं. दाराला कुलूप होतं ते होतंच, पण स्थलांतरित कुलूप. ताईंनी कपाळावर हात मारला.

योगायोगाने इस्त्रीवाली त्याच आठवड्यात मुलाला भेटायला राजधानीत आली होती. उत्तराचा कागद तिने दोनदा वाचला.

"म्हणजे मी खोटं बोलले?"

"नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही खरंच सांगितलंत. मीच चुकीचं लिहिलं."

सव्वीस वर्षांत हे वाक्य त्या ऑफिसात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. बाजूच्या टेबलावरच्या लेखनिकाने मान वर करून पाहिलं आणि शहाण्यासारखी परत खाली घातली.

एक वाट मात्र शिल्लक होती. परवा हा प्रश्न सभागृहात पुकारला जाणार होता, आणि तेव्हा आमदाराला उभं राहून तोंडी उपप्रश्न विचारता येतात. कंडक्टर आठ पानांचं भाषण लिहून घेऊन आला. ताईंनी ते वाचलं, छान आहे म्हणाल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

"भाषण केलंत की मंत्री भाषणाला उत्तर देणार, आणि आपला प्रश्न बसला बोंबलत. 'खरे आहे काय' म्हणायचंच नाही. 'बंद' हा शब्द तर तोंडातसुद्धा आणू नका. ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही असं काहीतरी विचारायचं. आकडा विचारायचा. आणि विचारून झालं की खाली बसायचं."

"खाली बसायची सवय नाही हो मला," कंडक्टर म्हणाला. "सगळी नोकरी उभ्याने केली."

"मग आता शिका."

ठरल्या दिवशी ताई इस्त्रीवालीला घेऊन वरच्या गॅलरीत बसल्या. खाली मंत्री हसऱ्या चेहऱ्याने तयार होते. कंडक्टर उठला.

"काल रात्री आमच्या भागातल्या सुधारगृहात किती मुलं झोपली?"

आणि खाली बसला. मंत्र्यांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मंत्री म्हणाले, माहिती घेऊन कळवतो. अध्यक्ष म्हातारे होते, त्यांना जेवायची घाई होती. ते म्हणाले, अहो, आकडाच तर विचारलाय, सांगून टाका. शेवटी मागून चिठ्ठी आली.

"शून्य," मंत्री म्हणाले.

"मोठ्या सुधारगृहात पलंग किती, आणि काल झोपली किती?"

"पलंग साठ." मंत्र्यांनी मागून आलेली दुसरी चिठ्ठी उघडली. "मुलं एकशे अठरा."

कंडक्टर तिसऱ्यांदा उठला आणि आमच्या छपरासाठी मंजूर झालेला निधी कशावर खर्च झाला, एवढंच विचारून बसला. परत चिठ्ठी. तो निधी मोठ्या सुधारगृहाची आवारभिंत उंच करायला गेला होता. तेवढ्यात मंत्र्यांच्याच पक्षाची एक आमदार उठली, दुसऱ्या टोकाच्या भागातली. आमच्या सुधारगृहाच्या दवाखान्याचे पैसेही असेच इकडे वळवलेत, म्हणाली. मग मात्र मंत्र्यांचं हसू मावळलं.

"दुरुस्ती लवकरच पूर्ण करू," ते म्हणाले.

"लवकरच म्हणजे किती तारखेला?" कंडक्टर म्हणाला. "मी एकोणीस वर्षं प्रवाशांना 'गाडी निघतेच आहे' सांगत आलोय, साहेब. त्याचा अर्थ मला विचारा."

सगळं सभागृह हसलं, मंत्रीसुद्धा हसले, आणि हसता हसता अडकले. अध्यक्षांनी तारीख द्यायला लावली. तीन महिन्यांनंतरची तारीख, सभागृहाच्या नोंदीत, मंत्र्यांच्या तोंडून. इस्त्रीवालीने गॅलरीत ताईंचा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

तारीख पाळली का? छे. एकोणीस दिवस उशीर झाला. पण त्या एकोणीस दिवसांत ताईंनी मंत्रालयात स्मरणपत्रांचा असा रतीब लावला की शेवटी तिथला कारकून फोनवर म्हणाला, ताई, माझ्या संसाराची दया करा.

सुधारगृह उघडलं तेव्हा ताई मुद्दाम रजा काढून गेल्या. नवं छप्पर होतं, प्रत्येक मुलाला स्वतंत्र पलंग होता. त्या भागातल्या एकतीस मुलांपैकी पहिली अकराच परत आली होती. डॉक्टरांची जागा अजून रिकामीच. कंडक्टरने तिथल्या तिथे पुढचा प्रश्न सुचवला, आणि ताईंनी तो पर्समधल्या वहीत उतरवून घेतला. या वेळी तीनदा वाचला.

भेटीच्या खोलीत इस्त्रीवाली मुलासमोर बसली होती. मुलाच्या मनगटांवरची खरूज वाळत आली होती. तो फारसं बोलत नव्हता, तीच बोलत होती. मावशीची तब्येत, दुकानाशेजारचं नवं गॅरेज, दोन महिन्यांचं साठलेलं सगळं धापा टाकत सांगत होती. पहारेकरी आत आला आणि वेळ झाली म्हणाला. तिचा चेहरा एकदम पडला. तिने मुलाचे दोन्ही हात धरले, उरलेलं घाईघाईने सांगायला तोंड उघडलं, आणि तशीच थांबली.

"बरं," ती म्हणाली, "उद्या येते."

मुलाने थोडा विचार केला.

"चारनंतर ये," तो म्हणाला. "त्याआधी सुतारकामाचा तास असतो. स्टूल करतोय मी, त्याचा एक पाय आखूड झालाय. सरांना वाटतं लाकूड वाकडं होतं, पण तसं नाहीये, आई, ते काय झालं माहितीये का..."

पहारेकऱ्याने घड्याळाकडे पाहिलं आणि त्याचं सांगून होईपर्यंत दारात थांबला.