वाडग्याला झालेले पित्तखडे

तोतुकानच्या अंगणात त्या शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं कोक-साय गाव आत, उरलेलं अर्धं कुंपणावर. जर्दाळूच्या झाडाखाली टेबल, टेबलावर पांढरी चादर, आणि चादरीवर मुरंब्याच्या काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. आत मुरंबा नव्हता. हिरवट-पिवळ्या मऊसर गोळ्या होत्या. काही वाटाण्याएवढ्या, काही पार अक्रोडाएवढ्या. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. ज्याच्या पोटातून जे निघालं, ते त्याच्या नावावर.

"माझे एकशे बारा!" तोतुकान आल्यागेल्याला सांगत होती. घरात लग्न निघावं तसा तिचा चेहरा फुलला होता. "आणि टपालवाल्याच्या बायकोचे? अवघे चाळीस."

"तेवढीशी तर आहे ती. तिच्यात आणखी मावणार किती?" कुंपणावरून कुणीतरी म्हणालं.

गेल्या पंधरवड्यात गावाची रीतच बदलली होती. पूर्वी पाहुणी आली की चहा, बोर्सोक म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, आणि नातवंडांची चौकशी. आता चहा, बोर्सोक आणि बरणी. एकीनं तर आपले खडे काचेच्या कपाटात, लग्नातल्या सोनेरी काठाच्या कपांशेजारी ठेवले होते.

हे सगळं जपर तबीबाचं देणं. तबीब म्हणजे गावोगाव फिरणारा वैदू. पण हा पांढऱ्या मोटारीतून फिरायचा. वाटोळं पोट, मऊ हात आणि खांद्यावर स्वच्छ पांढरा टॉवेल.

"डॉक्टर काय करतो?" टॉवेल झटकत तो विचारायचा. "कापतो! अरे, घरात उंदीर शिरला तर घर पाडता का? दार उघडता. मी यकृताचं दार उघडतो. माझ्या आजोबांच्या आजोबांना गरुडानं सांगितलेलं औषध आहे हे. तेल, पर्वतातलं मीठ आणि सात दऱ्यांचा पाला. रात्री प्या, सकाळी मोजा!"

"आणि मोबदला, तबीब?"

"छे छे! पुण्याचं काम. फक्त एक मेंढी. तीसुद्धा तिच्या राजीखुशीनं."

अंगण खदखदून हसलं. गर्दीत मागं उभी असलेली सायराकान मात्र हसली नाही. तिचा उजवा हात बरगडीखाली होता. गेलं वर्षभर तो तिथंच असायचा.

सायराकानच्या पित्ताशयात तीन खडे होते. जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाई राहिमा यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर ते तिला बोट ठेवून दाखवले होते. सगळ्यात मोठा जर्दाळूच्या बीएवढा. "आपा, लेकीच्या नात्यानं सांगते, हा नळीत अडकला तर जिवावर बेतेल," असं म्हणून त्यांनी येत्या मंगळवारची तारीख दिली होती.

शस्त्रक्रिया म्हटलं की सायराकान मागं सरायची. ती म्हणायची, "आयुष्यात तीनशे मेंढ्या सोलल्यात मी. सुरी काय करते ते मला शिकवू नका. आणि सोलल्यावर एकही मेंढी उठून चहा पिताना पाहिली नाही."

पण दुसरी भीती त्याहून मोठी होती. नातू आक्तान अकरा महिन्यांचा झाला होता, भिंत धरून उभा राहू लागला होता. तो पहिलं पाऊल टाकील तेव्हा त्याच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधायचा, गावातल्या पोरांची शर्यत लावायची आणि पहिल्या आलेल्यानं तो दोरा कापायचा, म्हणजे लेकरू जन्मभर अडखळत नाही. तो दोरा सायराकाननं स्वतः वळून पेटीत ठेवला होता. बांधायला आपण असू की नसू, एवढा एकच प्रश्न तिला रोज छळायचा. दवाखान्यात गेलो तर परत येऊ का? नाही गेलो तर राहू का?

म्हणून एकशे बारा खडे पाहून तिच्या मनानं कौल दिला. एकशे बारा निघतात, तर माझे तीन काय चीज? मेंढी गेली, बाटली आली.

घरी बेगायिम आक्तानला पाजत होती. ही सायराकानची सून, शहरात दोन वर्षं नर्सिंग शिकलेली. पण कोक-सायमध्ये सून सासूचं नावसुद्धा तोंडात आणत नाही, तिथं तोंडावर 'नाही' म्हणणं लांबच राहिलं. तिनं बाटली पाहिली. मग खाली पाहिलं.

"काय गं? बोल की."

"मी काय बोलणार, आपा? तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

"म्हणजे तुला अयोग्य वाटतंय."

"मला वाटतंय की औषध गार आहे. गार तेलानं कळ उठेल. चुलीच्या कट्ट्यावर कोमट करून देऊ?"

एवढं बोलून ती थांबली. सुनेनं एवढं बोलणंही पुष्कळ झालं, असा सायराकाननं चेहरा केला. पण मनातून तिला बरं वाटलं. पोरगी काळजी करते.

शनिवारी सायराकाननं तबीबानं सांगितल्याप्रमाणे उपास धरला. दिवस कलताना बेगायिमनं बाटलीतलं औषध वाडग्यात ओतलं, लाकडी चमच्यानं बराच वेळ घोटलं आणि वाडगा कट्ट्यावर ठेवून फडकं घातलं. तेवढ्यात आक्तान रडू लागला. दात येत होते त्याचे.

"आपा, तुमच्याशिवाय गप्प राहायचा नाही हा," सून म्हणाली.

सायराकाननं नातवाला घेतलं. त्यानं तिचं बोट हिरड्यांत धरलं आणि चावत चावत शांत झाला. उपासानं थकलेली आजी आणि दातांनी थकलेला नातू, दोघं एकाच गोधडीत कधी झोपी गेले, कळलंच नाही.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. "अगं बाई, औषध!" ती धडपडत चुलीपाशी गेली. फडकं उचललं, आणि तिथंच खिळली.

वाडग्यात तेल राहिलंच नव्हतं. तळाशी पाणी, आणि वर दाट, हिरवट-पिवळा लगदा. मऊ, गोळे गोळे झालेला. थेट तोतुकानच्या बरणीतला माल.

सायराकाननं नखानं कोपरा खरवडला. बोटांत चोळला. नाकाशी नेला. मग जिभेचं टोक लावून पटकन थुंकली. त्या हलक्याशा चटक्यासरशी तिची चाळीस वर्षं गळून पडली.

मेंढीच्या शेपटीची चरबी, मोठी कढई, डोंगरउतारावरची खारट झुडपं जाळून केलेली राख, राखेचं गाळलेलं पाणी. दर शरदात सगळ्या बाया मिळून काळा साबण करायच्या. साबण झाला की नाही हे जिभेच्या टोकानं ओळखायची कला अख्ख्या कोक-सायमध्ये एकीचीच होती. तिचंच नाव सायराकान. पुढं दुकानात गुलाबी कागदातला साबण मिळू लागला आणि कढई कोंबड्यांना पाणी पाजायच्या कामी आली.

"पर्वतातलं मीठ म्हणे!" ती पुटपुटली. "ही तर माझी आई साबणाला घ्यायची ती राख!"

मागं बेगायिम चहा ओतत होती. "काही बिघडलं का, आपा?"

"बिघडलं नाही. झालंय. झकास झालंय. एक रिकामी बरणी दे."

सायराकान खाली बसली. कुरुताचे, म्हणजे वाळवायच्या दह्याचे गोळे वळावेत तसा तिनं तो लगदा तळहातावर वळायला घेतला. लहान, मोठे, मधले. चाळीस झाले. बरणी भरली. चिठ्ठीवर तिनं सुनेकडून आपलं नाव लिहून घेतलं. "आधी हात धू," ती स्वतःलाच म्हणाली. आणि पाणी पडताच हातांना शुभ्र फेस आला.

रविवारी तोतुकानचं अंगण पुन्हा गच्च. सायराकाननं बरणी टेबलावर ठेवली तेव्हा जयजयकार झाला.

"चाळीस!" तोतुकान मोजून म्हणाली. "पहिल्यांदाच्या मानानं वाईट नाहीत हं."

"तबीब," सायराकान अदबीनं म्हणाली, "मी अडाणी बाई. कुठला खडा कशाचा, ते समजावून सांगा."

जपर तबीब खुलला. चिमट्यानं एकेक गोळी उचलून उन्हात धरू लागला. "हा बघा, हा यकृताच्या डाव्या खोलीतला. दहा वर्षांचा आहे. हा पित्ताशयाच्या तोंडाशी बसला होता. आणखी आठवडा गेला असता तर संपलंच होतं! हा मोठा रागाचा. घरात सून आहे ना?"

"आहे."

"तिच्यावरच्या रागाचा."

बायका माना डोलवू लागल्या. बेगायिमनं आक्तानच्या टोपीत तोंड लपवलं. रडत होती की हसत होती, देव जाणे.

"आणि तबीब, हे खडे माझ्याच पोटातले? नक्की?"

"आई, तीस वर्षं हेच करतोय. तुमच्या कपाळावर लिहिलंय तुमच्या पोटात काय आहे ते."

"मग कपाळ पुन्हा वाचा," सायराकान म्हणाली. शालीआडचा वाडगा काढून तिनं टेबलावर आपटला. "तुमचं औषध मी प्यालेच नाही. रात्रभर ते या वाडग्यात होतं. खडे या वाडग्याला झालेत. आता सांगा, याचं यकृत कुठं आहे? आणि याला सून कधी आली?"

सगळ्यांच्या माना वाडग्याकडं वळल्या. मग कुंपणावर कुणाला तरी हसू फुटलं, आणि हसण्याची लाट पार टेबलापर्यंत आली.

"वाडगा... वाडगा कुणा आजारी माणसाचा असेल," तबीब म्हणाला. "दोष उतरतो भांड्यात."

"दोष नाही, साबण उतरलाय." सायराकाननं त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. तेलकट हात पुसून त्याला डाग पडले होते. बरणीतल्या तीन गोळ्या त्यावर चोळल्या, चहाच्या समोवारातलं कढत पाणी ओतलं आणि चार वेळा घासलं. फेस मनगटापर्यंत आला. डाग गेले.

"बायांनो, वयाची तरी काही लाज ठेवा! कढया ढवळून ढवळून हात भाजलेत आपले. राखेचं पाणी आणि तेल एकत्र आलं की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायचं? पोटात गेलं काय नि वाडग्यात गेलं काय. राखेनं आतडी जळायची राहिली, तेच नशीब समजा. आपण साबण पितोय, साबण बाहेर टाकतोय आणि वर बरणीत घालून पाहुण्यांना दाखवतोय!"

एक म्हातारी हळूच म्हणाली, "आणि मी तो सोनेरी कपांशेजारी ठेवला..."

तबीबानं बाटल्या आवरायला घेतल्या. त्याच्या मोटारीमागं बांधलेल्या मेंढ्या लोकांनी सोडवल्या. त्या मात्र खरोखर राजीखुशीनं घरी गेल्या.

सगळे हसत होते. हसत नव्हती ती एकटी तोतुकान. बरणी छातीशी धरून ती पायरीवर बसली होती. सायराकान तिच्याजवळ गेली, आणि तिचं हसू ओसरलं.

"तोतुकान, इकडं बघ. डोळे वर कर."

डोळ्यांचा पांढरा भाग जर्दाळूसारखा पिवळा पडला होता.

"तीन दिवस झाले," तोतुकान पुटपुटली. "लघवीसुद्धा चहासारखी होते. पण तबीब म्हणाले, घाण बाहेर पडतेय. आणि एकशे बारा निघाले ना गं... मग दुखतंय कशाला?"

सासूच्या परवानगीची वाट न पाहता बेगायिम पहिल्यांदा चारचौघांत बोलली. "कारण तुमचे खडे आतच आहेत, तोतुकान-एजे. एक नळीत अडकलाय. मंगळवार नाही, आत्ताच निघायचं."

कुणी तिला टोकलं नाही. सायराकान तर उलट म्हणाली, "ऐकलंत ना? गाडी काढा! माझीही पिशवी टाका तीत. दोन दिवस आधी गेल्यानं सुरी काही बोथट होत नाही."

डॉक्टर राहिमांनी तोतुकानची नळी त्याच संध्याकाळी मोकळी केली. "आणखी दोन दिवस काढले असते तर मला काही करता आलं नसतं," त्या म्हणाल्या. मंगळवारी सायराकानचं झालं. पोटावर चार बारीक टाके. मेंढीसारखं सोलतील म्हणून वर्षभर घाबरलेली बाई दुसऱ्या दिवशी उठली आणि चहा प्यायली.

घरी परतताना डॉक्टरांनी तिचे तीन खडे कुपीत घालून दिले. आल्या आल्या तिनं ते उकळत्या पाण्यात टाकले, दगडावर घासले, फडक्यावर चोळले. विरघळले नाहीत, फेस नाही, डाग जसाच्या तसा.

"हं," ती समाधानानं म्हणाली. "असे असतात खडे. कपडे धुवायच्या काही कामाचे नाहीत."

मग सुनेकडं वळून तिनं डोळे बारीक केले. "औषध कोमट करायला ठेवलंस, ते विसरलीस? की विसरून दाखवलंस?"

"मी काय बोलणार, आपा?" बेगायिम खाली मान घालून म्हणाली.

शरद संपता संपता आक्तान भिंत सोडून उभा राहिला. सायराकाननं टाके सांभाळत, हळूहळू खाली बसून त्याच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधला. तोतुकाननं बोर्सोक तळले. स्वतः मात्र एकच खाल्ला. पोरं धावली, दोरा कापला गेला, आणि लेकरू दोन पावलं टाकून आजीच्या मांडीवर कोसळलं.

जमलेल्या बायांना सायराकान म्हणाली, "पोरांचे पाय बांधलेले असले तर कापायला आपण कात्री आणतो. आपल्या डोक्याला बांधलेला दोराही कधीतरी कापावा. कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवायच्या आधी एकदा तो वाडग्यात करून बघा. आणि पोटात दुखलं तर ज्याला पोटाच्या आतलं दिसतं त्याच्याकडं जा; ज्याला तुमच्या मेंढ्या दिसतात त्याच्याकडं नको."

कढई आता कोंबड्यांकडून परत आली आहे. कोक-सायमध्ये यंदा पुन्हा काळा साबण झाला. बरण्यांतच भरला आहे, नावाच्या चिठ्ठ्या लावून. फक्त तो आता कुणी पीत नाही.