तेरेबायचा नाताळ

"तू तेरेबायची भाची मां?" गाडीतून उतरलेल्या माणसाने गॉगल कपाळावर सारत विचारलं.

सँड्रीना पडवीच्या पायरीवर उभी होती. "भाची नाय," ती म्हणाली. "मी तिची मुलगी."

"हां हां, मुलगी. तांच म्हणूचां होतां माका," तो घाईने म्हणाला आणि काहीतरी काढायला पुन्हा गाडीत वाकला.

आई गेली ती गणपतीच्या सुमारास. तिचा फोन सँड्रीनाने बंद केला नव्हता. डिसेंबर लागला तसा एका संध्याकाळी तो वाजला आणि पडद्यावर नाव आलं, 'ब्रँडन बाबा'. वांद्र्याच्या ज्या घरात आईने उमेदीची सगळी वर्षं मुलं सांभाळण्यात घालवली, त्या घरातला हा धाकटा. 'तेरेबाय गेली,' एवढंच सँड्रीनाने त्याला सांगितलं. मग तो म्हणाला, नाताळला गोव्याला चाललोय, वाटेत मालवणला येऊन जाऊ का?

सँड्रीनाने हो म्हटलं. ती शिकवायची त्या मसुऱ्याच्या शाळेला सुट्टी लागली होती आणि घर खायला उठत होतं, हे एक. पण खरं कारण निराळं होतं. आई तिकडे आपल्याविषयी काय बोलायची, हे तिला ऐकायचं होतं. आता ते सांगू शकेल असं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

ब्रँडन गाडीतून बाहेर आला तो हातात एक मोठं खोकं घेऊनच. मागून त्याची बायको मेल्विना आणि लहानगी मुलगी उतरली.

"उशीर झालो गो. तळेऱ्याक चुकान देवगडच्या रस्त्याक लागलंय," तो म्हणाला. "आमच्या घरात नाताळचो स्टार तेरेबायच लावी. म्हटलां, ह्या वर्षी तिच्या घराक मी लावतंय. स्टूल आसा?"

त्याची ती बोली सँड्रीना कान देऊन ऐकू लागली. शब्द मालवणी होते, पण मालवणात कोणी इतकं मागे रेलून बोलत नसे. वाक्याच्या शेवटाला असा सावकाश हेल फक्त आईच देई. शिवाय हा पहिल्या भेटीतच तिला 'तू' म्हणत होता. आईने त्याला 'तुमी' शिकवलंच नसावं. घरातल्या पोराला त्याची गरज कुठे पडते?

दुखवट्याच्या घरात वर्षभर स्टार लावत नाहीत, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत नाहीत, हे त्याला सांगायला हवं होतं. पण तोवर त्याने स्वतःच दारामागचं स्टूल ओढलं, वर चढला आणि पडवीच्या वाशाला लाल-पांढरा स्टार बांधूनही टाकला. पोरीने टाळ्या वाजवल्या. सँड्रीना चहा टाकायला आत गेली.

आईने वांद्र्याचं काम धरलं तेव्हा सँड्रीना शाळेतही जात नव्हती. वडील विल्सन समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. मावशीने तिला वाढवलं. नाताळला आई कधीच घरी नसे. मालकांकडे सण, तिला सुट्टी कशी मिळणार? ती यायची तीन राजांच्या सणाला, जानेवारीत. वाडीतले स्टार उतरायला लागायचे आणि यांच्या घरी नाताळ सुरू व्हायचा.

"मुंबयचो नाताळ कसो असता?" सँड्रीना विचारी.

"माका खंय गो वेळ? सणाच्या दिवसांनी रांधूचां नि भांडी घासूची. भायर पडूक गावता कोणाक?"

त्यामुळे नाताळच्या रात्री मावशीकडे जेवताना सँड्रीनाच्या डोळ्यांसमोर आई यायची ती मोरीजवळ, हात साबणात, पाठमोरी. आईच्या नसण्याचा तिला फार राग येई. त्या रागावर तिने हाच एक उतारा शोधला होता, की आई तिकडे आपल्याहून जास्त दुःखी आहे.

चहाबरोबर तिने शेजारच्या काशीबाईंनी पाठवलेल्या करंज्या मांडल्या. ब्रँडनने एक उचलली आणि पाय पसरून बसला.

"नाताळ इलो की तेरेबाय घरात ऱ्हवाच नाय," तो सांगू लागला. "आमका तिघां भावंडांका घेवन सकाळीच भायर. माहीमच्या चर्चापासून कुलाब्यापर्यंत जितक्यो इगर्जी, तितके बाळ येशूचे गोठे बघूचे. नि प्रत्येक गोठ्याक मार्क देय. एका ठिकाणी माका म्हणता, मेंढरां बरी आसत, पण ह्यो मरियेचो घोव जुजे बघ, पियेलो दिसता. आमी इतके हसलों की थंयच्या सिस्टरीन आमका भायर काढलान."

मेल्विना हसली. ही गोष्ट तिने अनेकदा ऐकलेली दिसत होती.

"मगे डबलडेकर. वरच्या मजल्यार पुढची सीट मिळाली नाय तर ती दुसरी बस येयसर थांबी. संध्याकाळी फेअरीत. थंय आकाशपाळणो. मी डोळे मिटून रडंय, नि ही दोनय हात सोडून हसा. खाली इलों की परत तिकीट."

सँड्रीनाने बशीतला चहा न सांडता बशी खाली ठेवली. किल्ल्याला जाणाऱ्या होडीतसुद्धा आई कधी बसली नव्हती. दर जानेवारीत उशिराचा स्टार लावायला स्टुलावर चढायची ती सँड्रीनाच. आई खालून स्टूल धरायची. "मी नाय चढूचंय बाये, माका गरगराक होता."

"तेरेझा म्हणजे ह्यांच्या घरात सगळ्यांची जान," मेल्विना तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "ह्याची मम्मी आजपण सांगते, तिला तिचं स्वतःचं कोणीच नाही ना, म्हणून तिने माझ्या पोरांवर एवढा जीव..."

"मेल," ब्रँडनने बायकोला अडवलं.

सँड्रीनाकडे पाहताच मेल्विनाच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पोरगी अंगणात कोंबडीमागे धावत होती. 

मावशी एकदा कोणाला तरी सांगत होती, ते सँड्रीनाला आता आठवलं. लहान पोर असलेली बाई मालकांना नको होती. पोर आजारी पडलं की बाया गावाला पळतात. तेव्हा तिला वाटलं होतं, बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

म्हणजे आईने तिथे मुलीचं नावही काढलं नव्हतं, आणि इथे येऊन आकाशपाळण्याचं. दोन्ही घरांना तिने एकमेकांपासून जपलं होतं. रोजच्या रोज, इतकी वर्षं. ज्याची वाट बघत सँड्रीना सकाळपासून अंगण झाडत होती, ते या माणसाकडे नव्हतंच.

"करंजी घे आणखी एक," ती म्हणाली.

निघताना मेल्विना पोरीला घेऊन गाडीकडे गेली. ब्रँडन पायरीवर घुटमळला. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते.

"एक इचारू? हंय इली की... ती आमची याद काढी?"

सँड्रीनाने त्याच्याकडे पाहिलं. खरं उत्तर सोपं होतं. ते देण्याचा तिला हक्कही होता.

"सगळां सांगी," ती म्हणाली. "पियेलो जुजे, डबलडेकर, आकाशपाळणो. तू रडस तां पण. आयकान आयकान माका पाठ झालां."

त्याने मान खाली घातली आणि गॉगल डोळ्यांवर ओढला. मग म्हणाला, "तुझी पण याद काढी. सारखी."

गाडीच्या दाराशी मेल्विना जमिनीकडे बघत उभी होती.

"माहीत आसा माका," सँड्रीना म्हणाली.

गाडी वळणाआड गेली तशा काशीबाई ताट न्यायला म्हणून आल्या आणि पडवीखालीच थबकल्या.

"गो, ह्यां काय? वरीस भराक नाय अजून."

"मुंबयच्या पावण्यांनी लावल्यानी."

"तेंका काय कळता? ते गेले, बोलणी तू खाशीत. तुमचो फादर बघीत तर काय म्हणात? काढ आधी."

"काढतंय."

ती स्टुलावर चढली. एक पाय आखूड असलेलं ते जुनं स्टूल डगमगलं, आणि दुसऱ्याच क्षणी स्थिर झालं. तिने खाली पाहिलं. काशीबाईंनी ताट बाजूला ठेवून दोन्ही हातांनी ते धरलं होतं.

"पडशीत गो. सांबाळ."

सँड्रीनाने दोरीच्या गाठीला हात घातला. स्टार एका बाजूला कलला होता, घाईत बांधलेला. ती काही वेळ तशीच उभी राहिली, दोन्ही हात वर. मग तिने दोरी जरा सैल केली, स्टार सरळ केला, गाठ पुन्हा घट्ट मारली आणि खाली उतरली.

"काढलंस नाय?"

"ऱ्हवांदे. दिवो लावचंय नाय."

काशीबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ताट काखेत मारून त्या निघाल्या.

काळोख पडायच्या आधी वाडीतल्या घरांवर एकेक स्टार पेटत गेला. तेरेबायच्या पडवीतला तेवढा न पेटवलेला, वाऱ्यावर सावकाश फिरत होता.