पलीकडच्या बाजूचा श्वास

काकूंचा डावा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर पोहायलाही सांगितलं, तेव्हा काकूंनी चेहरा जमेल तेवढा पाडला. मनातून मात्र त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सव्वीस वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्या भिंगं घासत आल्या होत्या. पाण्यात रोज एक तास, म्हणजे फोन नाही, गिऱ्हाईक नाही, कुणाची हाक नाही. आणि मुख्य म्हणजे काका नाहीत. काकांना पोहता येत नव्हतं.

हा हिशेब साफ चुकला. काका पाण्यात आले नाहीत, पण काठावर येऊन उभे राहिले.

काका म्हणजे काकूंचे यजमान. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांची वजनमापं तपासली होती. त्यांची पिशवी लांबून दिसली तरी बाजारातले लोक तराजू पुसायला घ्यायचे. आठ महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन घरी बसले आणि तपासायला काही उरलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले डबे तपासले, दुसऱ्या आठवड्यात नळाची धार. तिसऱ्या आठवड्यापासून काकूंचा नंबर लागला. दुकानातून यायला चार मिनिटं उशीर झाला की ते जिन्यात उभे असायचे. रागावून नव्हे, काळजीने. माणूस वाईट असता तर काकू भांडल्या तरी असत्या. पण हा गृहस्थ हातातली पिशवी घ्यायचा, पाणी आणून द्यायचा आणि विचारायचा, "चार मिनिटं कशात गेली?"

तलावावर दुपारी चार ते पाच बायकांची वेळ होती. तेव्हा पुरुषांना फाटकाच्या आतही सोडत नसत. पण त्या वेळी दुकान ऐन भरात असायचं आणि मालक सुट्टी देईना. राहिली सकाळी सहाची वेळ, सगळ्यांसाठी खुली. काका साडेपाचला चहा करून, टॉवेल पिशवीत घालून, बूट चढवून तयार.

तलाव पंचवीस मीटरचा, सहा लेनचा. काठाने चालायची वाट एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूला सरळ भिंत आणि तिच्यात उंच खिडक्या. हळू पोहणाऱ्यांना पहिली लेन, आणि ती नेमकी वाटेला लागून. काकू पोहत जात आणि काका वाटेवरून बरोबरीने चालत, हातात वही. शिकवायला एक मुलगी होती. गळ्यातल्या शिट्टीमुळे सगळे तिला शिट्टीच म्हणत. ती एकदा सांगायची आणि पुढच्या लेनकडे जायची. काका मात्र रात्री फोनवर पोहण्याचे व्हिडिओ बघून यायचे आणि सकाळी त्यातलं सगळं ओतायचे.

"कोपर वर. अगं, कोपर. बोटं आधी आत जाऊ दे. हनुवटी का उचलतेस?"

स्वतः पाण्यात पायाचा अंगठाही न बुडवलेला माणूस दुसऱ्याला पोहायला शिकवतो, हे बघून काही लोक हसत. पण जास्त लोक कौतुकच करत. "नशीबवान आहात हो," शेजारच्या लेनमधली बाई म्हणाली. "आमचे तर अजून घोरत असतील." लांबच्या शहरात राहणारी लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबा किती करतात गं तुझ्यासाठी." काकूंनी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फ्रीस्टाइलमध्ये तोंड पाण्यात असतं आणि श्वासापुरतं ते बाजूला वळवायचं असतं. काकूंना उजवीकडेच वळता यायचं. उथळ बाजूकडून खोल बाजूकडे जाताना उजवीकडे वाट. म्हणजे प्रत्येक श्वासाला काका. एका फेरीला सव्वीस हात, दर दोन हातांनी एक श्वास, म्हणजे तेरा वेळा काका. तोंड उघडून हवा घ्यावी तर समोर काकांचंही तोंड उघडलेलं, काहीतरी सांगत. परत येताना मात्र तीच उजवी बाजू पलीकडे यायची. रिकामं पाणी, उंच खिडक्या, खिडकीतलं आभाळ. त्या तेरा श्वासांसाठी काकू पहाटे उठत होत्या.

एक दिवस काका वहीत काहीतरी लिहीत असताना त्यांनी शिट्टीला हळूच गाठलं. "मला डावीकडूनही श्वास घ्यायला शिकव. जाताना हवाय."

शिट्टीने त्यांच्याकडे बघितलं, मग वाटेवरच्या काकांकडे बघितलं. तिने एक हात पुढे ताणून, दुसरा मांडीला लावून कुशीवर तरंगायला लावलं. "डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर वळवायचं. पोहायच्या चष्म्याची एक काच पाण्यात, एक बाहेर. आणि काकू, तुम्ही श्वास कोंडून ठेवता. पाण्यातच सोडून द्या. सोडल्याशिवाय नवीन घेणार कुठे?"

म्हणायला सोपं होतं. आखडलेला खांदा डावीकडे वळूच देईना. नाकातोंडात पाणी जाई, पाय खाली जात, आणि वरून आवाज येई, "उजवीकडे घे ना, चांगली येतेस उजवीकडे." मग काकूंनी घरी सराव सुरू केला. न्हाणीघराला कडी लावायची, बादली काठोकाठ भरायची, तोंड आत घालून बुडबुडे सोडायचे आणि डावीकडे मान वळवून श्वास घ्यायचा. तिसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली.

"आत काय चाललंय? बुडबुड आवाज येतोय."

"केस धुतेय."

"काल धुतले होतेस की."

काकूंनी तोंड परत बादलीत घातलं. त्या घरात जोरात ओरडता येईल अशी ती एकच जागा होती, आणि त्या दिवशी त्यांनी तेही केलं. बाहेर फक्त बुडबुडेच ऐकू गेले.

महिन्याभराने डावा श्वास जमला. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. पंचवीस मीटर जा, पंचवीस मीटर या, काका कुठेच नाहीत. फक्त खिडक्या. काकूंना इतकं हलकं वाटलं की दुकानात भिंग घासता घासता त्या गुणगुणल्या, आणि मालकाने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. हातही कमी लागू लागले. सव्विसाचे चोवीस झाले, मग बावीस. काकांनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'वीस' लिहून त्याला चौकट केली होती.

रविवारी दुपारी जेवताना काकांनी ती वही ताटाशेजारी उघडली. स्वारी खुशीत होती.

"ऐक. एकवीस दिवसांची नोंद आहे. फेरी, हात, श्वासाची बाजू. जाताना डावी, येताना उजवी. जाताना डावी, येताना उजवी. एकदाही चूक नाही. मोठमोठ्या खेळाडूंना दोन्ही बाजू साधत नाहीत, माहीत आहे? मी बोलून बोलून घासून घेतलं म्हणून."

"हो," काकू म्हणाल्या.

"शिट्टीला आकृतीच काढून दाखवतो." त्यांनी पेन्सिलीने लांबट चौकोन काढला, पहिल्या लेनमध्ये जाणारा बाण आणि येणारा बाण काढला. मग बाणांवर श्वासाच्या बाजूला फुल्या मारल्या. वाट काढली. वाटेवर एक ठिपका दिला आणि त्याच्याखाली लिहिलं, 'मी'.

पेन्सिल थांबली. सगळ्या फुल्या एकीकडे होत्या आणि ठिपका दुसरीकडे. चौतीस वर्षं ज्याने एका ग्रॅमची खोट पकडली, त्याला ही पकडायला वेळ लागला नाही. काकूंनी हातातला घास ताटात ठेवला. आता काहीतरी बोला, त्यांना वाटलं. चिडा, विचारा, म्हणजे मलाही एकदाचं बोलता येईल.

काकांनी वही मिटली. "भाजी आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

सोमवारी ते येणार नाहीत असं काकूंना वाटलं होतं. पण चहा झाला, टॉवेल भरला, बूट चढले. तलावावर काका उथळ टोकाशी उभे राहिले, पाण्याकडे पाठ करून. वही खिशात, हात मागे बांधलेले.

काकूंनी पहिली फेरी मारली, दुसरी मारली. कुणी कोपर म्हणालं नाही, कुणी हनुवटी म्हणालं नाही. हवं होतं ते मिळालं होतं. तरी परत आल्यावर त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या पाठीकडे बघितलं. शर्टाला इस्त्री नव्हती. मागे बांधलेल्या हातांपैकी उजव्याचा अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर टेकलेला होता.

काकूंनी पुन्हा पोहायला सुरुवात केली आणि दोन हातांनंतर मुद्दाम उजवीकडे श्वास घेऊन मागे नजर टाकली. अंगठा पुढच्या पेरावर सरकत होता. एक हात पडला की एक पेर. इतर लेनमधल्या खळखळाटातून काका काकूंचे हात आवाजावरून मोजत होते.

काकूंचं डोकं फिरलं. डोळे नाहीत तर कान. उद्या कानात बोळे घातले तर हा माणूस पायाने मोजेल. त्या तिथूनच वळून भिंतीशी आल्या, सगळा श्वास बाहेर सोडला, मग छाती भरून नवीन घेतला आणि पाण्याखाली जाऊन पायाने भिंतीला रेटा दिला. हात कानाला लावून ताणलेले, पाय जुळलेले. वर एक थेंबही उडाला नाही. रेटा संपल्यावर त्यांनी पाय अगदी हळू हलवले. खालच्या फरशीवरची काळी रेघ सरकत होती. इथे काही ऐकू येत नव्हतं आणि इथून काही ऐकू जात नव्हतं. मोजा आता, त्या मनात म्हणाल्या.

छाती जळायला लागेपर्यंत त्या खालीच राहिल्या. मग मागे काहीतरी धप्पकन पडल्याचा हादरा पाण्यातून आला.

त्या वर आल्या. काका पाण्यात होते, शर्टपँटसकट, बुटांसकट. चष्मा गेलेला, दोन्ही हात पाण्यावर आपटत होते, आणि तोंड काकूंच्या नव्हे, भलत्याच दिशेला होतं. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा जोरात पोहून ते अंतर कापलं आणि त्यांना काखेत हात घालून धरलं.

"पाय टेका. अहो, पाय टेका. चारच फूट आहे."

काकांनी पाय टेकले. पाणी छातीपर्यंत आलं. शिट्टी काठी घेऊन धावत आली होती. दोघं उभे आहेत हे बघून ती म्हणाली, "बूट घालून पाण्यात उतरायचं नाही, काका. पाटीवर लिहिलंय," आणि काठी खाली ठेवून बाजूला गेली.

काकूंनी बुडी मारून तळाचा चष्मा आणला. त्याची भिंगं त्यांनीच घासली होती. त्यांनी तो लगेच दिला नाही.

"आवाज बंद झाला," काका म्हणाले. "एकदम बंद झाला. वळून बघितलं तर तू नाहीस."

"मी मुद्दाम केलं."

काका चष्म्याविना डोळे बारीक करून बघत राहिले. खिशातली वही फुगून वर आली होती. मग ते म्हणाले, "मी पण शिकून घेतो. उद्यापासूनच. तुझ्याबरोबर पहिल्या लेनमध्ये. मग काळजी नाही."

काकूंना हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही. एवढं करून मिळवलं काय, तर आता पाण्यातही सोबत.

"शिका," त्या म्हणाल्या. "पण माझ्या वेळेला नाही. आणि उद्यापासून मी एकटी येणार."

"मग तुला मोजणार कोण?"

ते चेष्टा करत नव्हते. खरंच विचारत होते.

"कोणी नाही," काकू म्हणाल्या. मान कुठेही न वळवता, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि दोन्ही दांड्या कानामागे नीट बसवल्या, दुकानात गिऱ्हाइकाला बसवतात तशा.

काका शिडीने वर चढले. पँटमधून पाणी गळत होतं. काकूंची पिशवी त्यांनी उचलली, थोडा वेळ हातात धरली, आणि परत बाकावर ठेवली. मग ते मागे न बघता फाटकाकडे गेले.

काकूंनी भिंतीला पाय लावला. यावेळी जाताना त्या उजवीकडे वळल्या. वाट रिकामी होती, फक्त ओल्या बुटांचे ठसे फाटकापर्यंत गेले होते. अंग कधी नव्हे इतकं सैल झालं होतं, कोपर आपोआप वर येत होतं, श्वास पाण्यात आपोआप सुटत होता. पलीकडच्या भिंतीला हात लागला आणि त्यांच्या तोंडून शब्द निघाला, "वीस."

त्यांनी वळून वाटेकडे बघितलं. सांगायला कुणी नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. मग आपण मोजलं कशाला, म्हणून काकूंना स्वतःचाच असा संताप आला की त्यांनी दम न खाता परत रेटा दिला, आणि आकडा डोक्यात शिरू नये म्हणून मनातल्या मनात गाणं सुरू केलं. तिसऱ्या ओळीचे शब्द आठवेनात. त्या अडखळल्या, आणि त्यानंतर जो हात पाण्यात पडला तो नववा होता.